क्रमांक सातची काच

खोक्यात बारा कॅमेरे होते. वर्दीला अडकवायच्या क्लिपा बारा, चार्जिंगच्या तारा अकरा, हिंदीतलं माहितीपुस्तक एक, आणि काच पुसायची स्पिरिटची ओली पाकिटं चोवीस. हिमानीनं सगळं टेबलावर ओळीनं मांडलं, दोनदा मोजलं आणि वहीत लिहून घेतलं. तार एक कमी आहे, हे तिनं लगेच कंपनीला कळवलं. कंपनीचं उत्तर आलं : अकरात भागवा.

पोलीस ठाण्याच्या मागच्या बाजूला, पूर्वी जप्तीच्या सायकली ठेवायचे त्या खोलीत तिला टेबल दिलं होतं. ती सौंसरची. भौतिकशास्त्रात एमएससी करून वर्षभर घरी बसली होती. कॅमेरे पुरवणाऱ्या कंपनीला साठ दिवसांसाठी कोणीतरी हवं होतं, ते काम तिला मिळालं. रोज सकाळच्या बसनं ती पांढुर्ण्याला यायची आणि संध्याकाळी परत जायची. शहरातल्या सगळ्या पोलिसांच्या छातीवर कॅमेरे लावायचे की नाही, हे एक समिती ठरवणार होती, आणि समिती ते हिमानीच्या अहवालावरून ठरवणार होती. तिचं काम तीन ओळींचं होतं. सकाळी कॅमेरे तपासून वाटायचे, संध्याकाळी गोळा करून चित्रण उतरवून घ्यायचं, आणि तक्ता भरायचा.

प्रत्येक कॅमेरा साबणाच्या वडीएवढा. वजन एकशे बेचाळीस ग्रॅम, काचेचा व्यास नऊ मिलिमीटर. बटण दाबलं की चित्रण सुरू व्हायचं, पण दाबण्याआधीचे तीस सेकंदही त्यात यायचे, कारण कॅमेरा मनातल्या मनात सतत पाहतच असे. त्या आधीच्या तीस सेकंदांत चित्र असे, आवाज नसे. हे तिनं बाराही जणांना समजावून सांगितलं.

"म्हणजे हा आधीपासूनच पाहून राहिला काय?" हवालदार यशवंतराव म्हणाले. "अन् बटन दाबलं की मंग ऐकते. आमच्या घरी उलटं आहे. बायको आधी ऐकते, मंग पाहते."

"यशवंतदादा, घरी घालूनच जा ना हे," कुणाल नावाचा तरुण शिपाई म्हणाला. "वहिनी काय काय बोलते त्याचा पुरावा राहीन."

"बॅटरी पुरत नाही रे बाबू तेवढी."

खोली हसली. हिमानीही हसली. यशवंतरावांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. ते तिला 'पोरी' म्हणायचे, आणि चहा आला की पहिला कप तिच्या टेबलावर ठेवायचे.

वाटप पोळ्याच्या दिवशी सुरू झालं. मुद्दामच तो दिवस धरला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते. जाम नदीच्या या काठावर पांढुर्णा आणि त्या काठावर सावरगाव उभं राहतं, आणि नदीत रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी दिवसभर एकमेकांवर गोटे मारतात. कॅमेऱ्याची परीक्षा घ्यायची तर यापेक्षा मोठी गर्दी वर्षात दुसरी नाही.

सकाळी ठाण्याचे प्रमुख, टीआय साहेब, खोलीत आले, ओळीनं मांडलेले कॅमेरे पाहिले आणि म्हणाले, "आज घरोघरी बैलांची पूजा आहे. हे आपले बैल. यांची बी होऊ द्या."

ताट कुठून तरी आलं. त्यात नारळ, झेंडू, आणि वाटीत कुंकू कालवलेलं, आदल्या दिवशी कुणाच्या तरी घरी बैलांच्या खांद्याला तेल चोळून उरलं होतं त्याच तेलात. लेकीच्या हातानं करावं म्हणून ताट हिमानीकडे दिलं. तिला ते नको होतं. पण बाराजण टोप्या काढून उभे होते, टीआय साहेबांचे हात जोडलेले होते, आणि ही रुजू होऊन चौथाच दिवस. तिनं अनामिका तेलकुंकवात बुडवली. कॅमेऱ्याला कपाळ कुठं असतं? सगळा काळा ठोकळा, मध्ये गोल काच. बोट आपोआप तिथंच गेलं. बारा टिळे.

पूजा झाल्यावर तिनं पाकिटं काढली आणि एकेक काच पुसायला लागली. एक ते सहा पुसून झाले. सातवा यशवंतरावांनी आधीच छातीला लावला होता.

"काका, द्या इकडं. काच पुसायची आहे."

"नोको पुसू पोरी. देवाचं कुंकू आहे ते."

"काका, काहीच दिसणार नाही त्यातून."

"आपोआप पडते ते. पूजेचं कुंकू आपल्या हातानं पुसत नाहीत, बैलाचं बी नाही पुसत." मग तिचा चेहरा पाहून त्यांनी अंगठ्यानं काचेवरून एकदा फिरवलं. जाड थर निघाला. अंगठा लाल झाला, तो त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावला. "घे. झालं तुझं समाधान? दोघांचं बी काम झालं."

तिनं वाकून पाहिलं. काचेवर पातळ तांबडा तवंग राहिला होता. आरपार दिसत होतं. बाकीचे पाचजण रांगेत उभे होते, बाहेर गाडी सुरू झाली होती. तिनं ते पाच पुसले आणि तक्ता भरला. कंपनीच्या त्या हिंदी तक्त्यात बारा ओळी होत्या आणि शेवटचा रकाना 'लेन्स साफ' असा होता. तिनं बारा वेळा 'हाँ' लिहिलं.

संध्याकाळी पाच चाळीसला, पांढुर्णा आणि सावरगावच्या मधल्या पुलावर यशवंतरावांच्या डाव्या डोळ्याला गोटा लागला.

पुलावर नाका लावला होता, गोट्यांच्या ट्रॉल्या अडवायला. अशी एक ट्रॉली अडवली. वर कडबा आणि खाली गोटे. ड्रायव्हर हुज्जत घालू लागला, माणसं जमली, कोणीतरी ट्रॉली मागं घ्यायला लागलं, आणि त्या गोंधळात एक गोटा आला. मारणारा गर्दीतून सावरगावच्या बाजूला पळाला. यशवंतरावांनी खाली बसता बसता एवढंच पाहिलं की त्याचा शर्ट लाल होता. जवळच्या फुलवालीनंही तेच सांगितलं. लाल शर्ट.

कॅमेरा क्रमांक सात त्याच संध्याकाळी पिशवीत घालून, लाख लावून कपाटात ठेवला. हिमानीनं चित्रण उतरवून घेतलं होतं, पण पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी गोटमार. अकरा कॅमेरे गेले, अकरा आले. सकाळी पुन्हा अकरा काचा पुसल्या. त्या दिवशी तिला मान वर करायला वेळ नव्हता. रविवारी यशवंतरावांना नागपूरला नेलं. सोमवारी बातमी आली की डोळा राहील, पण त्यातून दिसणार नाही.

सोमवारीच टीआय साहेबांनी सातचं चित्रण मोठ्या पडद्यावर लावायला सांगितलं.

सत्तेचाळीस सेकंद. पहिले तीस मुके. पुलाचा कठडा, ट्रॉलीची मागची बाजू, माणसं. अठ्ठाविसाव्या सेकंदाला साधारण चार मीटरवर एक तरुण पुढं येतो, उजवा हात डोक्याच्या वर उचलतो, तोंड उघडतो. चेहरा अगदी स्पष्ट. तिसाव्या सेकंदाला यशवंतराव बटण दाबतात आणि एकदम आवाज फुटतो, तेव्हा त्या तरुणाचं तोंड मिटलेलं असतं. एकतिसाव्याला चित्र हलतं, आकाश दिसतं, मग रस्ता.

"थांबव," टीआय साहेब म्हणाले. "शर्ट पाहा."

सगळ्यांनी शर्ट पाहिला. लाल होता.

"सांजेचा उजेड बी किती लाल पडला होता त्या दिवशी," कुणाल म्हणाला. "सगळंच लाल दिसून राहिलं."

"हा सावरगावचा अंकुश आहे," मागून कोणीतरी म्हणालं. "दादारावचा पोरगा. नळाचे व्हॉल्व्ह उघडतो तो दादाराव."

मंगळवारी अंकुशला बोलावलं, दिवसभर बसवलं आणि संध्याकाळी नोटीस देऊन सोडलं. गुन्ह्यात नाव लागलं. बुधवारी सकाळी हिमानी आली तेव्हा ठाण्याच्या आवारातल्या कडुनिंबाखाली एक पन्नाशीतला माणूस उकिडवा बसला होता. नगरपालिकेचा खाकी शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. तिला पाहून तो उठला.

"जय भीम, मॅडम. कॅमेऱ्याच्या मॅडम तुम्हीच ना जी?"

"हो. आपण?"

"मी दादाराव. अंकुशचा बाप." त्यानं पिशवीतून घडी केलेला शर्ट काढला आणि दोन्ही हातांवर धरला, ताट धरावं तसा. "हा पाहा. हा घातला होता त्यानं. पांढराच आहे ना?"

शर्ट पांढरा होता. नीळ जरा जास्त झालेली, कॉलरच्या शिवणीत निळसर रेघ.

"काका, हे मला दाखवून काय होईल?"

"साहेबाले दाखवला. साहेब म्हणते घरून कोणताबी शर्ट आणता येते. बरोबर आहे त्याह्यचं. पण कॅमेऱ्यात तं पांढराच असन ना? कॅमेरा कायले खोटं बोलन? तुम्ही एकडाव नीट पाहा ना जी."

"पाहिलंय आम्ही."

"मंग?"

दादाराव शर्टाची घडी पुन्हा घालू लागला, बाहीवर बाही, अगदी सावकाश. अंकुश त्या दिवशी नागपूरहून आला होता, दादाराव सांगत होता. रेल्वेच्या नोकरीत नंबर लागला होता त्याचा. नागपूरला वैद्यकीय तपासणी होती, म्हणून पांढरा शर्ट. स्टँडवरून पायी घरी येत होता, तर पुलावर ट्रॉली मागं सरकून राहिली होती अन् मागं बायाबापड्या उभ्या. यानं हात वर केला, ओरडला, थांबव म्हणून.

"पुढच्या सोमवारी इटारसीले हजर व्हायचं आहे," दादाराव म्हणाला. "पोलिसाचा दाखला लागते. नाव असलं तं दाखला नाही. त्याची माय यमुना, ती जेवून नाही राहिली परवापासून. मले म्हणते, तुम्ही त्या कॅमेऱ्यावालीले भेटा, ते शिकलेली आहे."

हिमानी आत गेली आणि दार लोटून घेतलं. सातचं चित्रण तिनं पुन्हा लावलं. या वेळी शर्ट पाहिला नाही. बाकीचं पाहिलं. कठड्याला पोळ्याचं आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं. पानं काळी दिसत होती. वाळून काळी पडावीत तशी नव्हे, शाईसारखी काळी. ट्रॉली काळी होती. ती बाहेर आली आणि कुणालला विचारलं, "त्या ट्रॉलीचा रंग कोणता होता?"

"हिरवी होती ना मॅडम. मागं उभी आहे, जप्तीत."

ती मागं गेली. ट्रॉली पोपटासारखी हिरवी होती.

मग तिला कळलं. तांबड्या काचेतून फक्त तांबडा उजेड आत येतो. हिरव्या वस्तूतून तांबडा उजेड निघतच नाही, म्हणून ती काळी. तांबड्या वस्तूतून तांबडा निघतो. आणि पांढऱ्या वस्तूतून सगळेच रंग निघतात, त्यातला फक्त तांबडा आत येतो. म्हणजे पांढरं आणि तांबडं एकसारखं. हे तिनं बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला दिव्यापुढे रंगीत काचा धरून केलं होतं. वीस पैकी एकोणीस गुण मिळाले होते.

तिनं पाकिटं मोजली. दोन उरली होती. पोळ्याच्या सकाळी अकरा, गोटमारीच्या सकाळी अकरा; त्यानंतर पाकिटं पुरावीत म्हणून ती कोरड्या फडक्यानंच पुसत होती. चोवीसातून बावीस. पोळ्याला बारा पुसले असते तर एकच उरलं असतं.

तक्ता तिच्याच अक्षरात होता. सातवी ओळ. 'हाँ'.

गुरुवारी ती कामावर गेली नाही. सौंसरहून थेट नागपूरची बस धरली. वॉर्डात यशवंतराव उताणे पडले होते. अर्धा चेहरा पट्टीत होता.

"ये पोरी. एवढ्या दूर कायले आली?"

"काका, तुम्ही त्याचा चेहरा पाहिला होता?"

"चेहरा नाही पायला. शर्ट पायला, लाल. पाठ पायली पळताना." ते एका डोळ्यानं छताकडे पाहत होते. "चेहरा तं तुझ्या कॅमेऱ्यानं पायला ना."

"त्या कॅमेऱ्याला कुंकू होतं, काका."

शेजारच्या खाटेवरच्या माणसाला त्याची बायको संत्र्याच्या फोडी सोलून देत होती. हिमानीनं त्यांना सगळं सांगितलं, तोरण, ट्रॉली, पांढरं आणि तांबडं. सांगताना ती स्वतःच्याच बोटाकडे पाहत होती.

"मीच म्हणलो होतो, नोको पुसू," यशवंतराव म्हणाले.

"मी पुसायला पाहिजे होतं. माझं काम होतं ते."

"तू ऐकलं माझं. लहान आहेस." त्यांनी उशीवर मान फिरवली. "पोरी, मले ज्यानं मारलं तो कोठी आहे मंग?"

"माहीत नाही."

"म्हणजे हा बी गेला अन् तो बी गेला."

ती उठायला लागली तेव्हा ते म्हणाले, "शनिवारी सुट्टी देऊन राहिले मले. त्या पुलावर उभं करायचं असन तं सांगजो. मी जेथी उभा होतो ते मलेच माहीत आहे."

शुक्रवारी टीआय साहेबांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही तोडलं नाही. फाइल बंद केली, उघडली.

"मॅडम, हे तुम्ही लिहून दिलं तर काय होईन, माहीत आहे?"

"तक्ता मी खोटा भरला असं निघेल."

"ते तं आहेच. कंपनी तुम्हाले उद्याच घरी पाठवन. समिती म्हणन, ज्या कॅमेऱ्याले कुंकू समजत नाही तो कायले घ्यायचा. पण मी दुसरं म्हणून राहिलो. माझ्या माणसाचा डोळा गेला. सगळं ठाणं मले विचारून राहिलं, साहेब, पकडला काय. अन् तुम्ही म्हणता त्याले सोडा."

"सोडा नाही म्हणत, साहेब. चित्रणातून काय कळतं तेवढंच मोजू द्या. तोच कॅमेरा, तीच जागा, तीच वेळ. तुमच्यासमोर."

"अन् मोजून लालच निघालं तर?"

"तर तेच लिहीन."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली. "पिशवी माझ्यासमोर उघडायची. अन् ऐका, आता ती काच पुसायची नाही."

शनिवारी पाच वाजता पुलावर सातजण होते. टीआय साहेब, कुणाल, फुलवाली, जप्तीतली ट्रॉली ओढून आणणारा ठाण्याचा ड्रायव्हर, हिमानी, पट्टी बांधलेले यशवंतराव, आणि दादाराव. अंकुशला आणायचं नाही असं ठरलं होतं. लोक जमले असते. तोरणाची पानं अजून कठड्यावर होती, आता खरोखर वाळलेली. पाणी उतरलं होतं. नदीच्या दगडांवर गोटमारीच्या दिवशीची एक चप्पल अडकून बसली होती.

यशवंतराव कठड्याजवळ गेले, दोन पावलं मागं, अर्धं पाऊल डावीकडे. "येथी." हिमानीनं खडूनं खूण केली आणि टेपानं चार मीटर मोजले. कॅमेरा त्यांच्या छातीला त्याच उंचीवर लावला. जमिनीपासून एकशे सव्वीस सेंटिमीटर. दुसऱ्या बाजूला, बरोबर चिकटून, क्रमांक चार लावला. त्याची काच तिनं तेविसाव्या पाकिटानं पुसली होती.

"दादाराव, शर्ट घाल," टीआय साहेब म्हणाले.

दादारावनं खाकी शर्ट काढून कठड्यावर ठेवला आणि लेकाचा पांढरा शर्ट अंगात घातला. तो त्याला खांद्यात मोठा होत होता, बाह्या बोटांपर्यंत आल्या. बटणं लावताना बोटं बाह्यांत अडकत होती, म्हणून वरचं बटण फुलवालीनं लावून दिलं.

"लेकाचं अंग मोठं आहे जी माझ्यापेक्षा," तो ओशाळून म्हणाला. "शाळेपासून पळतो तो."

"हात वर कर," टीआय साहेब म्हणाले.

त्यानं हात वर केला. पाच चाळीस झाले होते. यशवंतरावांनी बटण दाबलं. ते दोघं एकमेकांसमोर उभे राहिले, एक हात वर करून, एक डोळ्याला पट्टी बांधून. पुलावरून एक जोडपं दुचाकीवर गेलं, वळून पाहत गेलं.

"काका, तसंच राहा. पाच वेळा घ्यायचं आहे."

"राहतो बाई. सांगान तेवढा वेळ राहतो."

पाच वेळा झालं. मग बाजारातून आणलेला लाल शर्ट. तो घालताना दादाराव थबकला. त्यानं शर्टाकडे पाहिलं, मग यशवंतरावांकडे.

"घाल रे," यशवंतराव हळू आवाजात म्हणाले. "तू नाहीस तो. मले माहीत आहे."

"अन् माझं पोरगं?"

यशवंतरावांनी खडूच्या खुणेवर पाय पुन्हा नीट ठेवले. दादारावनं लाल शर्ट घातला आणि हात वर केला. पुन्हा पाच वेळा.

परत आल्यावर हिमानीनं दोन्ही कॅमेऱ्यांची चित्रं उतरवली आणि छातीच्या त्याच चौकोनातले आकडे काढले. टीआय साहेब तिच्या खुर्चीमागं उभे होते. आधी त्यांनी चारचं पाहिलं. पांढरा पांढरा, लाल लाल. मग सातचं. दोन चित्रं शेजारी ठेवली होती. दोन्हींत दादाराव लाल शर्टात हात वर करून उभा होता.

"यातला पांढरा कोणता?" त्यांनी विचारलं.

"नाव झाकलं तर मलाही सांगता येत नाही, साहेब."

ते खिडकीपाशी गेले. बाहेर कडुनिंबाखाली दादाराव आपला खाकी शर्ट घालून बसला होता, मांडीवर पिशवी.

"मी हे वर पाठवतो," ते म्हणाले. "वरून प्रयोगशाळेत जाईन. ते त्याह्यच्या हिशोबानं पुन्हा मोजतीन. तोपर्यंत नाव मले काढता येत नाही. ते माझ्या हातात नाही."

"तोपर्यंत म्हणजे किती?"

"दोन महिने. तीन."

"त्याची हजर व्हायची तारीख परवा आहे."

"मले माहीत आहे, मॅडम."

ते गेले. कुणालनं दारातून डोकावून विचारलं, "मॅडम, दादाराव विचारून राहिला, पांढरा दिसला काय म्हणून. काय सांगू?"

"मी येते सांगायला. दहा मिनिटं थांबायला सांग."

तिनं पोळ्याच्या दिवसाचा तक्ता पुढं ओढला, सातव्या ओळीतल्या 'हाँ' वर एक रेघ मारली, शेजारी 'नहीं' लिहिलं, खाली तारीख आणि सही केली. उरलेलं एक पाकीट नोंदवलं. मग अहवालाचं पान उघडलं आणि निष्कर्षाच्या जागी आकडे भरले.

शून्य ते दोनशे पंचावन्नच्या मापावर, पाच मोजण्यांची सरासरी. कॅमेरा क्रमांक चार, स्वच्छ काच : पांढऱ्या शर्टात तांबडा २०१, हिरवा १९८, निळा २०६, लाल शर्टात तांबडा १९८, हिरवा ३४, निळा ४१. कॅमेरा क्रमांक सात, तेलकुंकवाचा थर असलेली काच : हिरवा आणि निळा दोन्ही शर्टांत १२ च्या खाली, तांबडा पांढऱ्या शर्टात १८७, लाल शर्टात १८४. फरक ३. तोच शर्ट पुन्हा मोजला तरी येणारा फरक ५.